सुयशचं नोटपॅड

सुयश सोनकांबळेची नोकरी मी घालवली. आमच्यातले लोक म्हणतात, त्याचं नशीब. नशीब कसलं डोंबलाचं! अक्कल माझी होती.

मेलबर्नमध्ये क्लेटन भागातल्या हॉलमध्ये आमची रविवारी बुद्धवंदना असते, मग जेवण. जेवायला किती माणसं येणार हे कळावं म्हणून मी एक छोटी वेबसाइट केली होती. तिच्यात प्रत्येकाचं नाव दोनदा पडायचं. दोन आठवडे डोकं आपटलं, चूक सापडेना. आणि मी इथे अकरा वर्षं प्रोग्रामर! सुयशचं मास्टर्स झालेलं, शिक्षणानंतर थोड्या मुदतीचा मिळतो त्या ग्रॅज्युएट व्हिसावर होता, वेअरहाउसमध्ये खोकी उचलायचा. तो म्हणाला, ताई, बघू का?

त्याने आपल्या लॅपटॉपवर विंडोजचं साधं नोटपॅड उघडलं. रंग नाहीत, चूक दाखवणारी लाल रेघ नाही, काही नाही. स्क्रीनवरून बोट फिरवत, ओठ हलवत वाचत बसला. वीस मिनिटांनी चूक सापडली. पाथरीला ज्या इन्स्टिट्यूटमध्ये तो शिकला, तिथे एका कॉम्प्युटरला चार पोरं आणि त्यात नोटपॅडशिवाय काही नाही. त्यामुळे आपली पाळी येईपर्यंत सगळा प्रोग्राम डोक्यात लिहून ठेवायची त्याला सवय लागलेली. असं डोकं मी मेलबर्नमध्ये दुसरं पाहिलं नाही, खरं सांगते.

मग सिटीतल्या एका कंपनीने त्याला इंटरव्ह्यूला बोलावलं. नोकरी मिळाली तर तेच व्हिसा काढणार होते. त्याच्या व्हिसाचे नऊ आठवडे उरले होते. मला इतका आनंद झाला की मी लगेच शहाणपणा शिकवायला बसले.

त्याला कारण होतं. इथल्या युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षी माझ्या विंडोजवर अख्खा ग्रुप हसला होता. खरा प्रोग्रामर लिनक्स वापरतो म्हणे, काळ्या स्क्रीनवर, माउसला हात न लावता. एकाने विचारलं होतं, तुला ॲडमिशन कुणी दिली? हा प्रश्न आमच्या घरात तीन पिढ्या ऐकतोय. तो इथेही आला याची मला भयंकर चीड आली होती, आणि ती अजून गेलेली नाही. आपल्या पोरावर कुणी हसायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात.

मी त्याच्या लॅपटॉपवरचं विंडोज पुसून टाकलं. राहिलं तर हा परत तिकडेच पळेल म्हणून. लिनक्स टाकलं आणि प्रोग्राम लिहायला नुसत्या कीबोर्डवर चालणारा एडिटर दिला. तीन आठवडे तो शिफ्ट संपवून आमच्याकडे येऊन बसायचा. एकदा म्हणाला, “ताई, मला याच्यात काही सुधरंना.”

मी खेकसले. म्हटलं, नोटपॅड उघडलंस की ते तुला कच्चा समजतील, मग बस खोकी उचलत. माझी तनया तिथेच होमवर्क करत होती. तिने मान वर केली. “बट मम, यू यूज विंडोज ॲट वर्क.”

मी तिला खोलीत पाठवलं. खोटं नव्हती बोलत पोरगी. चार वर्षं ऑफिसमध्ये मी विंडोजच वापरते, आणि मला ते आवडतं.

इंटरव्ह्यू आमच्याच डायनिंग टेबलवरून झाला, व्हिडिओवर. मी किचनच्या दारात उभी. समोरची बाई चांगली होती. तुला हवं ते वापर, कागद-पेन्सिलही चालेल, असं तिने आधीच सांगितलं. तिने घातलेलं प्रोग्रामचं गणित सोपं होतं. सुयशचे ओठ हलायला लागले, म्हणजे उत्तर आलं होतं. त्याने टेबलावरच्या पेन्सिलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली, नाही. आणि बोटाने लॅपटॉप दाखवला.

पुढची चाळीस मिनिटं मला आठवायची नाहीत. एक ओळ लिहायला जायचा, तीन पुसल्या जायच्या. शेवटी त्याचे हात कीबोर्डवर नुसते ठेवलेले होते. दोन दिवसांनी ईमेल आला: साध्या साधनांवरही उमेदवाराचा हात बसलेला नाही.

व्हिसा संपला, तो परत निघाला. एअरपोर्टवर जय भीम घातला आणि गेला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा त्याचा फोन आला. पाथरीच्या त्याच इन्स्टिट्यूटमध्ये तो आता शिकवतो. काय शिकवतोस, असं मी हौसेने विचारलं.

“तुम्ही सांगितलं तेच, ताई. कुणाच्या स्क्रीनवर नोटपॅड दिसलं की त्याला बाहेर उभं करतो. म्हणतो, याच्यानं तिकडं कुणी उभं करत नाही. माझं बघा.”

तेव्हा तरी मला खरं सांगता आलं असतं. तुझं काही चुकलं नव्हतं रे, पेन्सिल चालली असती, एवढंच. माझा ऑफिसचा विंडोजवाला लॅपटॉप समोर उघडा होता.

मी म्हटलं, “बरं करतोस.”