कोरा रकाना चालणार नाही

वीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली आणि प्रमोशन मिळालं ते फायलीत बुडायला. मेट्रन ऑफिसात खुर्ची, डोक्यावर पंखा. काम काय, तर ड्युटी लिस्ट लावा, रजा नाकारा, चादरी मोजा. पेशंटला हात लावणं संपलं. घरचे खूश, ‘आता बसून पगार.’ बसून पगार म्हणे! माझं डोकं रोज भणभणायचं.

जिल्ह्याहून तपासणी यायची होती. साहेबांनी, म्हणजे आमच्या अधीक्षकांनी, बोलावून सुनावलं, “मॅडम, चार्टवर एकही रकाना कोरा दिसला तर तुमच्यावर येईल.” मी तडक वॉर्डात गेले आणि तोच राग सिस्टरांवर काढला. तीस खाटांना एका ड्युटीवर एकच सिस्टर, हे काय मला माहीत नव्हतं? तरी बोलले. “मले कोरा रकाना दिसला नाही पाह्यजे. कसा भरता ते तुमचं तुम्ही पाहा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी फायली बघायला गेले. ड्युटीवर दुसरबीडकडची एक पोरगी होती, कंत्राटावर, नवी, पण हाताला चलाख. तिचे चार्ट पाहून बरं वाटलं. बीपी, नाडी, रक्तस्राव, सगळं तासातासाला लिहिलेलं. ‘शाब्बास’ म्हटलं. तेवढ्यात सकाळीच मोकळ्या झालेल्या एका बाईची सासू आली.

“मॅडम, इचे हातपाय काऊन थंडे लागून राह्यले? बोलत बी नाही.”

त्या बाईचा चार्ट पाहिला. चार वाजताचं बीपी एकशे दहा-सत्तर. ‘चांगली आहे ती, आजी’ म्हणणारच होते, तर भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर गेली. सव्वातीन वाजले होते.

धावले. चादर ओढली तर खाली रक्ताचं थारोळं. पोटावर हात ठेवून गर्भपिशवी चोळत ओरडले, डॉक्टरांना बोलाव, सलाईन लाव, इंजेक्शन काढ! पोरगी पांढरीफटक पडली होती, पण हात चालत होते तिचे. अर्ध्या तासानं पिशवी आवळली, रक्त थांबलं. त्या बाईनं डोळे उघडून बाळ कुठं आहे विचारलं. किती महिन्यांनी मला वाटलं, आज आपण काम केलं.

संध्याकाळी साहेब म्हणाले, “आगाऊ चार्ट भरला म्हणून त्या पोरीला मेमो द्या.”

“साहेब, कोरा रकाना नको म्हणून मीच...”

“आधी भरून ठेवा असं कोणी सांगितलं होतं?”

कंत्राटी पोरीला मेमो म्हणजे तिच्या पोटावर पाय, हे माहीत असून मेमो लिहिला, खाली सही केली. असा संताप आला! साहेबांचा आला, त्या खुर्चीचा आला आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा.

पोरगी ऑफिसात आली. रडली नाही, भांडली नाही. मेमो दोनदा वाचला.

“मॅडम, याचं उत्तर काय लिहू? तुम्ही सांगितलं होतं, हे लिहू का?”

लिही, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, “ते नको लिहू, बाई. लिही, माझ्या हातून चूक झाली.”

तिनं टेबलाशी उभं राहून तसंच लिहिलं, सही केली आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

“बराबर आहे ना, मॅडम?”

मी ‘हो’ म्हटलं आणि कागद फायलीला लावला.