कंपनीच्या नावावरची सायकल

सुवर्णा डहाके ही मुळात भित्री बाई नव्हे. नागपूरला असताना भर बाजारात स्कूटर घालून समोरच्या रिक्षावाल्याला दम भरणारी ती. पण अमेरिकेत येऊन बारा वर्षं झाली, आणि त्यातली अकरा नवऱ्याच्या, म्हणजे विवेकच्या, ग्रीन कार्डच्या रांगेत गेली. रांगेतल्या माणसाने आवाज करायचा नाही, कुणाच्या नजरेत यायचं नाही, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा गेलं तरी ती काउंटरवरच्या बाईची तीनदा माफी मागायची. एका पुस्तकापायी ही एवढी रडवेली का होते, हे त्या बिचारीला कधी कळलं नाही.

वर्क परमिट हाती आल्यावर सुवर्णाने एकटीची कंपनी काढली होती. हॉस्पिटलांची माहितीपत्रकं इंग्रजीतून मराठी-हिंदीत आणायची, हे काम. घरात बसून सुचेना म्हणून राहत्या गावात, पिस्कॅटवेमध्येच, घरापासून तीन मैलांवर, एका इमारतीत टेबल भाड्याने घेतलं. आता रोज जायचं कसं? ड्रायव्हिंग टेस्टमध्ये बाई दोनदा नापास झालेल्या आणि तिसऱ्यांदा द्यायची छाती नाही. मग बॅटरीची सायकल घ्यावी असं मनात आलं, आणि किंमत बघून ते मनातच राहिलं.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. राधिका इंग्लंडमध्ये राहते, तिचीही स्वतःची छोटी कंपनी आहे.

"वहिनी, कंपनीच्या नावावर घे ना! मी तशीच घेतली. ऑफिसला जायला सायकल लागते ना, मग कंपनीच घेते. टॅक्समध्ये सगळं वजा. एकदम लीगल."

राधिका अगदी खरं बोलत होती. फक्त ते तिच्या देशात खरं होतं. पण एकाच घरातली माणसं तीन देशांत पांगली की कुठला सल्ला कुठल्या देशाचा, हे बघतो कोण? राधिकाने सांगितलेलं गुडघेदुखीचं तेल इथे चालतं, मग टॅक्सचं का नाही चालणार? सुवर्णाने सायकल घेतली. पुढच्या वर्षी टॅक्सचे कागद करताना बाळकाकांनी फोनवर विचारलं, "सायकल धंद्यासाठी किती टक्के?" बाळकाका म्हणजे तिथल्या अर्ध्या मराठी मंडळींचे टॅक्स भरून देणारे निवृत्त गृहस्थ. सुवर्णा ठसक्यात म्हणाली, "शंभर!" काकांना घाई होती. त्यांनी शंभर लिहून टाकले.

ऑक्टोबरात टॅक्स खात्याचं पाकीट आलं. नवराबायकोचं टॅक्सचं काम एकत्र, त्यामुळे पाकिटावर आधी विवेकचं नाव, मग तिचं. अजून रांगेत असलेल्या ग्रीन कार्डच्या अर्जावरही हेच नाव होतं. पाकीट तिने न उघडताच बेसनाच्या डब्याखाली सरकवलं. सहा दिवस ते तिथे होतं, आणि सहा दिवस त्या घरात भजी झाली नाहीत, पिठलंही झालं नाही.

सातव्या दिवशी ते पर्समध्ये घालून तिने ऑफिसच्या टेबलावर उघडलं. खात्याने साधं विचारलं होतं: कंपनीच्या नावावर वाहन दाखवलंय, ते कामासाठी कधी आणि कुठे वापरलं त्याची तारीखवार नोंद पाठवा. मुदत पत्राच्या तारखेपासून तीस दिवस. त्यातले दहा डाक आणि बेसन यांनी खाल्ले होते. मग तिने खात्याच्याच वेबसाइटवर नियम वाचला. घरून कामाच्या जागी रोज जाणं हे खाजगी, वाहन कुणाच्याही नावावर असो. पावणेदोन वर्षांत ती सायकल दुसरीकडे कुठे गेलीच नव्हती.

त्या दिवशी ती सायकल हातात धरून चालत घरी आली. बसायचा धीर होईना. वाटेत पोलिसांची गाडी सिग्नलला तिच्या शेजारी थांबली, तर ती सायकलच्या आडोशाला सरकली. आतला पोलीस कॉफी पीत होता, त्याने हिच्याकडे पाहिलंही नाही. घरी आल्यावर तिने सायकलवर जुनी चादर टाकली. दुसऱ्या दिवसापासून तीन मैल पायी. विवेकने विचारलं तर म्हणाली, "वजन वाढलंय."

शेवटी तिने बाळकाकांना गाठलं.

"काका, चुकलं माझं. आता काय होईल?"

"काही नाही गं. वाचवलेला टॅक्स व्याजासकट भरायचा. फार तर थोडा दंड."

"आणि ग्रीन कार्ड?"

काका गप्प झाले. मग म्हणाले, "ते मला विचारू नकोस. मी टॅक्सवाला माणूस." थोडं थांबून आवाज खाली आणला. "नाहीतर असं कर, एक लॉग बनव. आज या क्लायंटकडे गेले, उद्या त्या. कोण बघायला बसलंय? विषय संपला."

काका 'काही नाही' म्हणाले ते ती विसरली. गप्प झाले ते तेवढं लक्षात राहिलं.

शनिवारी सकाळी, मुदतीला पाच दिवस उरले असताना, तिने विवेकसमोर पत्र ठेवलं आणि सगळं सांगितलं. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पत्र दोनदा वाचून तो उठला, कपाटातून वही आणली आणि रेघा मारायला लागला.

"लॉग बनवू. काका बरोबर सांगतायत."

"विवेक, आतापर्यंत झाली ती चूक होती. हा गुन्हा होईल."

"अकरा वर्षं, सुवर्णा! अकरा वर्षं मी साधा स्पीडिंगचा दंडसुद्धा भरला नाही. एका सायकलीपायी सगळं घालवू? मी पाया पडतो तुझ्या, लिही."

तो खरंच रडकुंडीला आला होता. पन्नाशीला टेकलेला नवरा असा बघून तिच्या काळजाचं पाणी झालं. तिने पेन घेतलं. तो तारखा सांगत गेला, ती लिहीत गेली. सहा मार्च, क्लायंट व्हिजिट. सात मार्च, मीटिंग.

"नऊ मार्च," तो म्हणाला. "दिवसभर क्लायंटकडे."

तिचा हात थांबला.

"नऊ मार्चला अप्पा गेले, विवेक."

विवेकचे वडील नागपूरला वारले, तेव्हा त्याच्या पासपोर्टावर व्हिसाचा नवा शिक्का नव्हता. देश सोडला तर परत येता येईल की नाही, कुणी सांगेना. तो गेला नाही. याच टेबलाशी बसून दोघांनी फोनवर सगळं बघितलं. धाकट्या भावाने अग्नी दिला, तेव्हा इकडे विवेक फोनसमोर हात जोडून उभा होता.

विवेकने वही आपल्याकडे ओढली. मग पान फाडलं, त्याचे बारीक तुकडे केले आणि मुठीत धरून बसला.

"आणखी काय काय द्यायचं या देशाला?" तो म्हणाला.

सुवर्णाने कोरा कागद घेतला. मी या सायकलवरून घरून ऑफिसला जाते आणि ऑफिसातून घरी येते, दुसरीकडे कुठे नाही; सगळं वजा केलं ते माझं चुकलं. एवढंच इंग्रजीत लिहिलं.

"याने काही झालं तर?" विवेकने विचारलं.

"माहीत नाही. मला खूप भीती वाटतेय."

"मलाही," तो म्हणाला, आणि मुठीतले तुकडे टेबलावर ठेवून त्याने पत्राखाली आपलीही सही करायला तिच्या हातातलं पेन घेतलं.