मंगलची काडीमोड

आमच्या निरगुडसरात मंगलसारखी गुणाची बाई हुडकून सापडायची न्हाई, आन् तिच्यासारखं फुटकं नशीबबी. मी प्रयागबाई, तिची शेजारीण. तोंडानं फटकळ हाय, पण खोटं बोलायची न्हाई.

तिचा पयला नवरा जानकू, जुन्नरकडचा. लई मारायचा. शेवटी तिकडच्या पंचांनी दोघांना देवळापुढं बसवलं, हातात ज्वारीच्या धाटाची काडी दिली आन् मोडायला लावली. झाली काडीमोड. आमच्यात तवा असंच व्हतं, कोर्टात कोण जातंय? पुढं कुशाबानं तिच्यासंगं पाट लावला. पोरबाळ झालं न्हाई, पण संसार गोडीचा झाला. कुशाबाचं अंग लुळं पडलं, तवा त्याचं हगणंमुतणं हिनंच काढलं. त्याचा पुतण्या आदेश कधी पाण्याचा तांब्या घिऊन आला न्हाई.

कुशाबा गेला. आदेशच्या आईनंच दारात मंगलच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. सुतक फिटतंय न फिटतंय तोवर आदेश म्हणतो, "तू काकाची बायकोच न्हाईस. घर खाली कर." मुडदा बशिवला त्याचा.

आमी घोडेगावला वकीलबाईंकडं गेलो. त्या म्हणाल्या, "कोर्टातून घटस्फोट नाही, म्हणजे कायद्यानं तुम्ही अजून जानकूच्याच बायको. काडीमोड झाली, आणि तुमच्यात ती रीत पूर्वापार आहे, हे दाखवावं लागेल. साक्षीदार आणा."

पंच तर सगळे मातीआड गेलेले. राहिला एकटा जानकू. आमी यष्टीनं त्याच्या दारात गेलो. मंगल उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "काडी मोडली व्हती, येवढंच कोर्टात सांगा," ती म्हणली. "न्हाईतर माझं ऱ्हातं घर जातंय."

त्यानं वर बघितलं न्हाई. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये," म्हणला, आन् दार लावून घेतलं. मला असा राग आला, पण मंगलनं माझा हात धरला.

गावात परत आलो तर तिच्या दाराला आदेशचं कुलूप.

दुसऱ्या दिवशी पुन्यांदा वकीलबाईंपुढं बसलो. "कुलूप काढायचा अर्ज करू," त्या म्हणाल्या, "पण घर टिकेल असा शब्द देत नाही."

मंगलनं आपले मोकळे हात टेबलावर ठिवले.

"बाई, मी जानकूची बायको म्हणता. तो तर जिता हाय. मग माझ्या बांगड्या कुणाच्या नावानं फोडल्या?"