समुद्राची ओटी

अमळनेरहून सुरतेच्या गाडीत बसले, तेव्हा पिशवीत खण, नारळ आणि तांदूळ होते. लेक शोभा सुरतेच्या पुढे वलसाडला, मूळच्या खानदेशी घरात दिलेली. तिला पाचवा महिना. ती सासरी सुखात आहे का, ते डोळ्यांनी बघायचं होतं. तोंडानं विचारायचं धाडस माझ्यात नाही.

मागे माघात गेले होते, तेव्हा समुद्र थाळीतल्या पाण्यासारखा पडून होता. आता श्रावण सरत आलेला. संध्याकाळी शोभा आणि विहीणबाईंसोबत किनाऱ्यावर गेले, तर पाणी मातकट आणि लाटा लांबूनच फुटत येणाऱ्या. दोन तरणे गडी फळीवर पालथे पडून लाटेबरोबर वाळूपर्यंत येत होते, मध्येच उलटत होते. शहाळीवाली अर्ध्या गुजरातीत म्हणाली, "अत्यारे (आत्ता) पश्चिमेचा वारा, मोजां (लाटा) वाकडी. दिवाळीनंतर वारा फिरला की सरळ येतात, मग यांचा खेळ बघा. माघात तर फळी हलत नाय."

तापीला पूर आला की आम्ही तिची ओटी भरतो आणि मागे वळून न बघता घरी येतो. मी तसंच केलं. गुडघाभर पाण्यात खण-नारळ सोडला, लेकीसाठी हात जोडले आणि पाठ फिरवली.

लाट पाठीत बसली. मी पालथी पडले. लुगडं सुटलं. फळीवाल्या एकानं दंडाला धरून उभं केलं. परक्या पुरुषासमोर मी लुगड्याचा बोळा पोटाशी धरून उभी, आणि नारळ पायाशी परत आलेला.

"दरियाने पीठ नहि बताववानी, बेन!" (समुद्राला पाठ दाखवायची नसते) शहाळीवाली ओरडली.

माझ्या पदरातून वाळू गळत होती. विहीणबाई म्हणाल्या, "समिंदरनी तुमनीच ओटी भरी दिधी!"

शोभा हसत सुटली. "माय, हाई तापी नही शे!" (ही तापी नव्हे) हसता हसता तिनं सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"धीरे हास वं, पोटले धक्का लागी," म्हणत सासूनं तिला सावरून धरलं.

जे बघायला गेले होते, ते समोर होतं. पण मला तेव्हा एवढंच दिसलं, की पोटची पोर चारचौघांत मला हसते. नंतर मी तिच्याशी धड बोललेच नाही.

स्टेशनवर तिनं खिडकीतून हात धरला. "माय, राग उना का तुले?" (राग आला का तुला)

मी दुसरीकडे बघितलं. गाडी हलली, तेव्हा ती पदरानं डोळे पुसत होती.

घरी आल्यावर शेजारणींना सांगितलं, लेक सुखात आहे. ते खरंच आहे. तिला रडवून मी आले, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.