घट बसवला मंगळावर

गेल्या नवरात्रात आमच्या घरचा घट मी मंगळावर बसवला.

म्हणजे घर सुरतेच्या भेस्तानमध्येच होतं! झालं असं, की आमची माय गावाकडचं घर बंद करून पहिल्यांदाच सुरतेला आली आणि येताना अट घेऊन आली. "घट मन्हा वावरनी मातीमा बसाडजो. उगना तर आठेच राहसू. नही उगना तर दसरा झाया का गावले निंघी जासू." (आठे म्हणजे इथे.) साक्रीकडच्या त्या तांबड्या मातीची पिशवी तिने गाडीत मांडीवर धरून आणली होती.

त्याच आठवड्यात माझ्या मुलीचा, तेजूचा, शाळेचा प्रकल्प होता : मंगळ राहण्याजोगा कसा करायचा? त्यासाठी तिने विटांचा चुरा, वाळू आणि बरंचसं मीठ कालवून मंगळाची माती तयार केली. (तिथल्या मातीत विषारी क्षार असतात म्हणे!) तीही तांबडीच. दोन्ही पिशव्या माझ्या दुकानातल्या, साडीच्या. (मायची, मी गावी लुगडं पाठवलं होतं तेव्हाची.) घटाची टोपली आणि तेजूचा डबा मातीने भरून गहू पेरायचं काम माझ्याकडे. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मला कळायला पाचवी माळ उजाडली!

टोपलीत गव्हाचा एक कोंब नाही. माय आवराआवर करू लागली.

"तिचं लुगडं पिशवीत गेलं बघा," बायको कुजबुजली. "काहीतरी करा!"

मी केलं. पंखा बंद केला. (देवीला वारा लागत असेल!)

तेवढ्यात तेजू रडवेली होऊन आली. "पप्पा, माझ्या मंगळावर काहीच न करता गहू उगवला!"

"शेतकऱ्याची नात आहेस!" मी छाती फुगवली.

तिने घटातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "पप्पा, मंगळ हा आहे."

बसलेला घट हलवता येत नाही. "मग मंगळच सुधारू," तेजू म्हणाली. मीठ धुऊन काढायला टोपलीवर पाणी, खाली परात. वर मायच्या पिशवीत उरलेल्या मातीचा थर. आणि ऊब? "शास्त्रज्ञ म्हणतात, अवकाशात प्रचंड आरसे लावायचे." आमच्याकडे स्टीलच्या थाळ्या होत्या. मी गॅलरीत उभा राहून ऊन देव्हाऱ्याकडे पाठवलं. ते आधी मायच्या डोळ्यांत गेलं.

"काय करी ऱ्हायना रे?"

तेजूने तिला सगळं सांगून टाकलं. (मुलं खरं बोलतात, हा माझ्याच संस्कारांचा दोष!)

समोरच्या गॅलरीतून हंसाबेन ओरडल्या, "शुं थयुं, भाई?"

"मंगळ गरम करतोय!"

त्या आत गेल्या. मला वाटलं, दार लावून घेतलं. त्या दोन थाळ्या घेऊन बाहेर आल्या! मग रोज सकाळी गल्लीतून ऊन उड्या मारत आमच्या देवीपुढे यायचं. आजही त्यांच्याकडे जेवायला बसलो की मी आधी थाळीला नमस्कार करतो.

दसऱ्याला टोपलीत मोजके, पिवळट कोंब डोलत होते! मायने ते बराच वेळ पाहिले. मग पिशवीतलं लुगडं काढून दोरीवर टाकलं. एक कोंब तेजूच्या कानामागे, एक हंसाबेनच्या अंबाड्यात खोवला. मीही डोकं पुढे केलं.

"मंगळवर बी उगनं रे भो," माय म्हणाली, "पण आठे काय लावू? तुन्हा डोकामा काहीच उगत नही."