बांगडेवाली आली की पट्टा बंद

सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. रेडी बंदरावर मी कारकून होतो, आणि जहाजात लोहखनिज भरणारा सरकता पट्टा एक मालवणी गडी चालवायचा. कामगार सांडलेलं खनिज फावड्याने पुन्हा पट्ट्यावर टाकत. हा मात्र यंत्र सोडून त्यांची तोंडं न्याहाळत बसायचा. कुणी जांभई दिली की पट्टा हळू करायचा, दोघे भांडू लागले की बंद. रोज अकराला बांगडेवाली आली की हमखास बंद.

एकदा नवे साहेब माझ्यासमोरच त्याच्यावर खेकसले, "यंत्र ठीक आहे ना? मग थांबवलंत का?"

"सायबानु, यंत्र बरां आसा. पण बांगडे इले काय माणसाचे डोळे टोपलेत जातत आणि हात पट्ट्यार ऱ्हवतत."

"मूर्खपणा! चालू करा!"

तेवढ्यात बांगडेवालीने टोपलीवरचं फडकं काढलं. साहेबांनी मान वळवली, "ताजे दिसतायत" म्हणत एक पाऊल मागे घेतलं आणि धपकन पट्ट्यावर बसले. पट्टेवाल्या गड्याने चालू करायच्या खटक्याला अजून हातही लावला नव्हता, म्हणून साहेब वाचले.

साहेब उठले, खनिजाच्या धुळीने लाल झालेली पँट झटकली.

"रोज किती वेळ थांबवता?"

"पाच मिनटां."

"दहा करा," म्हणाले आणि बांगडे निवडायला बसले.