दुबईची भेंडी आणि गावची अमावस्या

टेम्पोतली पहिली करंडी मी उघडली. भेंडी कसली हो, मुसळं होती! संध्याकाळच्या विमानात जागा बुक, आणि माल हा असा.

थांबा, नीट सांगते. ऐंशीच्या दशकात मी अंधेरीला, मरोळच्या एका शेडमध्ये ग्रेडिंगची सुपरवायझर होते. ग्रेडिंग म्हणजे निवडणं, दुसरं काही नाही. आमच्या शेठची भाजी विमानाने दुबईला जायची. तिकडे कामाला गेलेल्या आपल्या लोकांना भेंडी हवी, तीही मधल्या बोटाएवढीच. त्याच्या पुढे गेली की रिजेक्ट. या भेंडीपायी वाडा तालुक्यातल्या एका अख्ख्या गावाने भातानंतर वाल पेरायचा सोडला होता. वाल नुसत्या दवावर येतो. भेंडीला पाणी लागतं, म्हणून गावाने मिळून विहिरीवर इंजिनसुद्धा बसवलं.

मालाबरोबर त्या गावचे काशिनाथभाऊ आले होते.

"भाऊ, हे काय आणलंत?"

"ताई, काल अमावस्या ना. अमावस्येला आमच्यात शेताला कोण हात लावीत नाय."

मी कपाळावर हात मारला. वालाची शेंग आज तोडा नाहीतर परवा, तिला फरक पडत नाही. भेंडी रात्रीत वाढते!

तेवढ्यात शेठ आले. "ही भेंडी आहे का दुधी? ताई, परत भर टेम्पोत. आणि या गावाचा माल आजपासून बंद. माल देतो म्हणून गुजरातवाला रोज फोन करतो मला."

भाऊ हात जोडून पुढे आले. "शेठ, सगळा गाव भेंडी लावून बसलाय. वाल पेरायचे दिवस पण गेले आता. आम्ही करायचं काय?"

"ते मला नको सांगू यार! विमानातली जागा रिकामी गेली तर माझी वाट लागेल." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ताई, खोक्यात खाली मोठी भर, वर छोटी लाव. पट्टी मारून बंद करून टाक."

"आणि तिकडे खोका उलटा केला तर? गाव राहू दे, तुमचंच नाव जाईल."

"मग काय करू? तू सांग ना!"

मी एका भेंडीचं टोक मोडलं. काटकन तुटलं. दुसरी नुसती वाकली, ती जून. "जून तेवढी काढते. लांब पण कोवळी असेल ती वेगळ्या खोक्यांत भरते, वर मोठ्या अक्षरात तसं लिहिते. तुम्ही दुबईच्या व्यापाऱ्याला विचारा."

शेठनी ट्रंक कॉल बुक केला. कॉल लागेना. आम्ही बायका टोकं मोडत बसलो, काशिनाथभाऊही बसले. जून भेंडी बाजूला टाकताना म्हणाले, "स्वतःचंच पीक फेकतोय बघा." ड्रायव्हर दारात येऊन विचारायला लागला: विमानतळाचं गेट बंद होईल, निघायचं का?

फोन खणखणला. शेठ ओरडतायत, "हॅलो! लाँग, लाँग! बट टेंडर!" आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघतोय.

रिसीव्हर ठेवून ते म्हणाले, "घेतो म्हणतो. सांबारला चालेल. भाव कमी. आणि परत असं केलं तर काशिनाथ, माल मी पण घेणार नाही, तो पण नाही."

निम्मी जागा रिकामीच गेली. शेठ कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पण गावाचा माल चालू राहिला.

गावात पुढे मोठी बैठक झाली. म्हातारी माणसं अमावस्या मोडायला तयार होईनात. शेवटी तोड निघाली: त्या दिवशी गावाने घरी बसायचं आणि शेजारच्या पाड्यावरच्या बायकांनी मजुरीने भेंडी तोडायची. त्यांच्यात तसला काही नियम नव्हता.

शेतात काय पिकवायचं ते दुबईने ठरवलंच होतं. सुट्टी कुणी घ्यायची आणि कुणी राबायचं, तेही तिनेच ठरवलं.